गरोदरपणातलं बीपी: आकडा वाढतो तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं

"मला तर काहीच त्रास होत नाहीये, मग ही गोळी कशासाठी?" गरोदरपणात रक्तदाब वाढल्याचं कळलं की बहुतेक जणींच्या तोंडून आधी हाच प्रश्न निघतो. प्रश्न रास्तच आहे. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, बाळ पोटात छान हलतंय, आणि डॉक्टर म्हणतात बीपी १५०/१०० आहे, रक्त-लघवी तपासून घेऊ, दोन दिवसांनी परत या. या आजाराची खरी अडचण इथेच आहे. तो बराच काळ जाणवतच नाही. जाणवायला लागतो तेव्हा कधीकधी उपचारांसाठी काही तासच हाताशी असतात.

घरच्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "तू फार टेन्शन घेतेस ना, म्हणून वाढलं." हे आधीच सांगून टाकते. गरोदरपणातला हा आजार टेन्शनमुळे, जास्त काम केल्यामुळे किंवा काही चुकीचं खाल्ल्यामुळे झाला, असं म्हणायला आधार नाही. त्याचं मूळ बहुतांश वेळा वारेत असतं, आणि वार कशी रुजते हे कुठल्याच बाईच्या हातात नसतं. ज्या बाईला आधीच काळजी लागली आहे तिच्या डोक्यावर दोषाचं ओझं चढवू नये, एवढ्यासाठी तरी घरातल्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आकडा नेमका काय सांगतो

गरोदर नसताना १३५/८५ ऐकून कुणी फारसं दचकत नाही. गरोदरपणाचं गणित जरा वेगळं आहे. दिवस राहिल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रक्तदाब उलट थोडा खाली येतो, साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात कमी असतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत हळूहळू मूळच्या पातळीला पोहोचतो. म्हणून सुरुवातीच्या तपासणीतलं बीपी नोंदवून ठेवणं फार मोलाचं असतं. तिसऱ्या महिन्यात १००/६० असलेल्या बाईचं आठव्या महिन्यात १३८/८८ झालं, तर ते अजून सीमेच्या आत असलं तरी डॉक्टर तिला लवकर परत बोलावतात.

ही सीमा १४०/९० आहे. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, आणि तोही किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आला, तर रक्तदाब वाढला असं धरतात. दोन्ही आकडे वाढायला हवेत असं नाही, एक पुरतो. १६०/११० ही दुसरी सीमा. इथे चार तास थांबायचं नसतं. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं, आणि आकडा तसाच असेल तर अर्ध्या ते एक तासाच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे. या पातळीला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

मोजण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चुकीच्या मोजणीने दोन्हीकडून नुकसान होतं. पाच मिनिटं शांत बसून मगच मोजावं. पाठीला टेकू हवा, पाय जमिनीवर सरळ टेकलेले हवेत, एकावर एक नकोत. दंडाला पट्टा बांधलेला हात छातीच्या पातळीला टेकवलेला असावा, आणि मोजताना बोलू नये. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर आकडा खोटा जास्त येतो. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हाताचं बीपी घेतलं तर तो खोटा कमी येतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण तिने सगळ्यांनाच निर्धास्त केलेलं असतं. घरी मशीन घेणार असाल तर गरोदर स्त्रियांमध्ये तपासून खात्री केलेलं मॉडेल आहे का ते बघा. काही मशीन या आजारात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. निदान एकदा तरी दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या.

विसाव्या आठवड्याची रेघ

दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाच ते दहा जणींना कुठल्या ना कुठल्या प्रकारे वाढलेल्या रक्तदाबाला सामोरं जावं लागतं. प्रकार ओळखताना डॉक्टर आधी विचारतात: किती आठवडे झाले?

विसाव्या आठवड्याच्या आधीच बीपी वाढलेलं असेल तर ते बहुधा आधीपासूनचं असतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं. विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा वाढलं आणि बाकीच्या तपासण्या ठीक असल्या, तर ते गरोदरपणापुरतं वाढलेलं बीपी. आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू, फुप्फुसं यांपैकी कशावर परिणाम दिसला, किंवा वारेचं काम नीट चालत नाही असं कळलं, तर त्याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. आधीपासून बीपी असलेल्या बाईलाही वरून प्रीएक्लाम्पसिया होऊ शकतो. पहिल्या दोन प्रकारांतून तिसऱ्यात जाणं कधीही घडू शकतं, म्हणून "साधंच बीपी आहे" असं कळल्यावरही तपासण्या थांबत नाहीत.

पूर्वी लघवीत प्रथिनं दिसल्याशिवाय प्रीएक्लाम्पसियाचं निदान करत नसत. आता तसं नाही. चोवीस तासांच्या लघवीत ३०० मिलीग्रॅम प्रथिनं हे माप अजून वापरात आहे, पण ती नसतील आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरल्या असतील तरी निदान पक्कं होतं. पायांवरची सूज मात्र आता निदानात धरत नाहीत, कारण ती निरोगी गरोदर स्त्रियांनाही येते. एकाएकी चेहऱ्यावर आणि हातांवर आलेली सूज वेगळी. ती लगेच दाखवावी.

मूळ वारेत

बाळाला लागणारं सगळं वारेतून जातं, आणि वारेला रक्त मिळतं ते गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, मळसूत्रासारख्या पीळदार धमन्यांतून. एरवी या धमन्या अरुंद आणि स्नायूंच्या असतात, त्या आवळतात, सैल होतात. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, भिंतीतला स्नायूंचा थर काढून टाकतात आणि त्यांना रुंद, सैल करून ठेवतात. मग अरुंद चारीचा रुंद पाट व्हावा तसं रक्त भरपूर आणि संथपणे वारेत उतरतं. हे काम विसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक उरकलेलं असतं.

काही गरोदरपणांत ते अर्धवट राहतं. धमन्या अरुंदच राहतात. रक्त कमी येतं, आणि येतं तेही जोराच्या धारेने, ज्याने वारेच्या नाजूक पेशींना इजा होते. बाळ लहान असतं तोवर हे खपून जातं. पुढे त्याची गरज वाढते आणि वार उपाशी पडू लागते. म्हणजे चूक घडते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणि बीपी वाढतं सातव्या-आठव्यात. मधले सगळे महिने बाईला काहीही जाणवत नाही.

उपाशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. त्यातल्या एकाचं नाव एसएफएलटी-१. आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे काही घटक रक्तात असतात. हे प्रथिन त्यांना धरून निकामी करतं. २००३ साली संशोधकांनी ते गाभण उंदरांना दिलं, तेव्हा त्यांचं बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आणि मूत्रपिंडात या आजारासारखेच बदल दिसले. आज या प्रथिनाचं आणि वाढीला मदत करणाऱ्या पीएलजीएफ नावाच्या घटकाचं गुणोत्तर रक्तात मोजता येतं. शंका असलेल्या बाईत ते ३८ किंवा त्याहून कमी आलं, तर पुढच्या आठवड्याभरात प्रीएक्लाम्पसिया होण्याची शक्यता फार कमी असते.

एकूण काय, तर बिघाड रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा आहे आणि रक्तवाहिन्या तर सगळ्या शरीरभर आहेत. अस्तर बिघडलं की त्या आवळतात, म्हणून बीपी वाढतं. त्या गळू लागतात, म्हणून सूज येते आणि मूत्रपिंडातून प्रथिनं निसटतात. आत बारीक गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट खर्ची पडतात. बीपीचा आकडा ही या सगळ्यातली सहज मोजता येणारी एक खूण आहे. गोळीने आकडा उतरतो आणि त्याने मेंदूचं रक्षण होतं, पण वारेतला बिघाड तसाच राहतो. बीपी आटोक्यात आल्यावरही डॉक्टर रक्त का तपासत राहतात, याचं उत्तर हेच.

दोष वारेचाच, हे ठामपणे कसं म्हणता येतं? द्राक्षगर्भ नावाची एक दुर्मिळ अवस्था आहे. तिच्यात बाळ बहुधा तयारच होत नाही, वारेच्या पेशींचीच बेसुमार वाढ होते. त्यातही प्रीएक्लाम्पसिया होतो, आणि तो विसाव्या आठवड्याच्या आधीसुद्धा दिसू शकतो.

कुठे कुठे बिघडू शकतं

जगात होणाऱ्या मातामृत्यूंपैकी साधारण १६ टक्के रक्तदाबाच्या या आजारांमुळे होतात. रक्तस्रावानंतरचं हे सगळ्यात मोठं कारण. घाबरवण्यासाठी हा आकडा देत नाहीये. वेळेवर बीपी मोजलं आणि उपचार मिळाले तर यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात.

मेंदूवर परिणाम झाला की झटके येतात. त्या अवस्थेला एक्लाम्पसिया म्हणतात. झटक्याआधी अनेकींना जोराची डोकेदुखी होते, डोळ्यांपुढे चमकतं किंवा धूसर दिसतं. पण सगळ्यांनाच अशी पूर्वसूचना मिळत नाही. ज्यांचं बीपी फार चढलेलं नव्हतं अशांनाही झटके आलेले आहेत. झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कापड, पाणी काहीही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका आणि ताबडतोब रुग्णालयात न्या.

यकृताचा प्रकार जास्त फसवा. हेल्प सिंड्रोम नावाच्या गुंतागुंतीत लाल पेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट झपाट्याने घसरतात. बाईला जाणवतं ते छातीच्या खाली, मधोमध किंवा उजव्या बाजूला दुखणं, मळमळ, उलट्या. घरात त्याला ॲसिडिटी म्हणतात आणि रात्र ॲसिडिटीच्या गोळीवर काढली जाते. बीपी थोडंसंच वाढलेलं असताना, क्वचित अजिबात वाढलेलं नसतानाही हे होऊ शकतं. सहावा महिना उलटलेल्या बाईच्या पोटात वरच्या बाजूला सतत दुखत असेल, तर ते ॲसिडिटीवर ढकलण्याआधी बीपी मोजा आणि रक्त तपासा, हे मी कळकळीने सांगते.

याशिवाय फुप्फुसांत पाणी भरून दम लागू शकतो, मूत्रपिंडं थकून लघवी कमी होऊ शकते. वार प्रसूतीआधीच गर्भाशयापासून सुटू शकते. तेव्हा पोट दगडासारखं कडक होतं, दुखत राहतं, रक्तस्राव होतो. कधी रक्त आतच साठतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ही आई आणि बाळ दोघांसाठी तातडीची वेळ.

बाळाच्या बाजूने मुख्य प्रश्न वाढीचा. रक्त कमी मिळालं की वजन कमी भरतं, भोवतीचं पाणी कमी होतं, आणि फार ताण पडला तर हालचाल मंदावते. म्हणून सोनोग्राफीत वजनाबरोबर डॉपलरने नाळेतला रक्तप्रवाह पाहतात. पोटातच बाळ दगावण्याचा धोकाही खरा आहे, आणि अनेकदा त्यापासून वाचवण्यासाठीच दिवस भरण्याआधी प्रसूती करावी लागते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न बघता जाऊन दाखवावं. न उतरणारी डोकेदुखी, नजरेत फरक, वरच्या पोटात दुखणं, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तरी हेच.

औषधं, आणि प्रसूतीचा निर्णय

गरोदरपणात बीपीसाठी मुख्यतः तीन औषधं वापरतात: लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा. तिन्हींचा अनेक वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही एरवी सर्रास दिली जाणारी औषधं मात्र गरोदरपणात चालत नाहीत, त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. आधीपासून यातली गोळी चालू असेल तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी. स्वतःहून एकाएकी बंद करणंही धोक्याचं.

गोळीमुळे बाळाची वाढ खुंटेल ही भीती फार जुनी आहे, डॉक्टरांनाही होती. आधीपासून बीपी असलेल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीपी १४०/९०च्या खाली ठेवलेल्या गटात तीव्र प्रीएक्लाम्पसिया आणि फार लवकरची प्रसूती कमी झाली, आणि कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण वाढलं नाही.

झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे औषध स्वस्त आणि जुनं आहे, आणि त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं सापडलेलं नाही. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. ते देताना अंग गरम होतं, घाम येतो, जड वाटतं. गुडघ्यावर हातोडी मारून बघणं, श्वास मोजणं, लघवीचं माप ठेवणं हे सगळं डोस जास्त होत नाही ना हे पाहण्यासाठी असतं, आणि जास्त झालाच तर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन तयार असतं.

हे सगळं असलं तरी आजार खऱ्या अर्थाने उतरू लागतो तो वार बाहेर आल्यावरच. त्यामुळे प्रत्येक दिवशी डॉक्टर एकच हिशोब मांडत असतात: बाळाला आत आणखी एक दिवस मिळण्याचा फायदा मोठा, की आईला आणखी एक दिवस थांबवण्याचा धोका? ३७ आठवडे झाले असतील तर उत्तर सोपं, प्रसूती करायची. आजार तीव्र असेल तर ३४ आठवड्यांनंतर सहसा थांबत नाहीत. त्याआधी थांबता येईल तितकं थांबतात, पण रुग्णालयात ठेवून, आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन. झटके, हेल्प, सुटलेली वार किंवा औषधाला न जुमानणारं बीपी असेल तर आईला स्थिर करून प्रसूती करतात, मग आठवडे कितीही असोत. प्रीएक्लाम्पसिया म्हणजे सिझरच, असं मात्र नाही. आई आणि बाळाची तब्येत साथ देत असेल तर कळा आणून नैसर्गिक प्रसूतीही करतात.

पूर्ण झोपून राहण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. त्याने आजार थांबतो असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मीठ अगदी बंद केल्यानेही प्रीएक्लाम्पसिया टळत नाही.

कुणी आधीच सावध व्हावं

मागच्या खेपेला प्रीएक्लाम्पसिया झालेला असणं, आधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा) आजार, किंवा पोटात जुळी असणं यांत धोका बराच वाढतो. पहिलं बाळंतपण, जास्त वजन, पस्तिशीनंतरचं वय, आयव्हीएफ, आई किंवा बहिणीला झालेला असणं, यांनी थोडा वाढतो. अशा स्त्रियांना डॉक्टर रोज रात्री कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात, ७५ ते १५० मिलीग्रॅम. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू होणं महत्त्वाचं, कारण धमन्यांचं काम त्याच सुमारास चाललेलं असतं. २०१७च्या एका चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना १५० मिलीग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लाम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांनीही फायदा होतो. यातलं काहीच स्वतःच्या मनाने सुरू करू नये, पण तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना "मला ॲस्पिरिनची गरज आहे का?" असं जरूर विचारावं.

बाळ झाल्यावर

बाळ हातात आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. नेमकं तेव्हाच, प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, आईचं बीपी पुन्हा चढतं, आणि तोवर ती बहुधा घरी आलेली असते. झटके बाळंतपणानंतरही येतात. बाळंतिणीचं डोकं दुखतंय तर जागरणाने दुखत असेल, असं समजणं स्वाभाविक आहे, पण आधी बीपी मोजा. पहिल्या तीन दिवसांत नियमित, आणि मग सात ते दहा दिवसांच्या आत पुन्हा तपासणी व्हायला हवी. औषधं चालू असताना स्तनपान करता येतं. गरोदरपणात वर्ज्य असलेलं एनालाप्रिलसुद्धा तेव्हा देता येतं. मिथिलडोपा मात्र प्रसूतीनंतर बदलतात, त्याने मन उदास होऊ शकतं. बारा आठवडे उलटूनही बीपी जास्तच राहिलं तर ते कायमचं आहे का, हे पाहावं लागतं.

पुढची गोष्ट वर्षांची आहे. प्रीएक्लाम्पसिया झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि बीपी कायमचं होण्याचं प्रमाणही जास्त. म्हणून वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. वीस वर्षांनी छातीत दुखतंय म्हणून कुणा डॉक्टरकडे गेलात, तरी गरोदरपणात प्रीएक्लाम्पसिया झाला होता हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. पुढच्या गरोदरपणात साधारण सहांपैकी एकीला तो पुन्हा होतो. पहिल्या वेळी ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागली असेल तर तिघींपैकी एकीला. त्यामुळे मागच्या वेळची सगळी कागदपत्रं, किती आठवड्यांना काय झालं, प्लेटलेट किती होत्या, कोणती औषधं दिली, हे जपून ठेवा आणि दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्याचं कळताच पहिल्याच तपासणीला घेऊन जा.